‘मला लाल शोभत नाही’ म्हणण्याआधी

“मला लाल शोभत नाही.” “सावळ्या माणसानं भडक घालू नये.” “गोऱ्याला काय, काहीही चालतं.” कपड्यांच्या रंगाबद्दल ही वाक्यं इतक्यांदा कानावर पडलेली असतात की ती तपासून बघायचं कुणाच्या मनातच येत नाही. तिन्ही चुकीची आहेत. शेंदरी, विटकरी, डाळिंबी, मरून, राणीकडे झुकणारा लाल, हे सगळे लालच. यांतल्या एखाद्यानं तुमचा चेहरा लख्ख उजळेल, दोन-तीन ना धड चांगले ना वाईट वाटतील, आणि एखादा असा निघेल की तो घातलेल्या दिवशी चार माणसं विचारतील, “बरं नाही का?” शोधायची असते ती छटा. ती नियम पाठ करून सापडत नाही, दोन कापडं चेहऱ्याशी धरून बघितली तरच सापडते.

त्यासाठी तासभर वेळ, एक बरी खिडकी आणि घरातले दहा-बारा कपडे पुरतात. पण चेहऱ्यावर काय होतं हे आधी समजलेलं बरं, नाहीतर आरशात नेमकं काय बघायचं तेच कळत नाही.

त्वचेचा रंग कशानं बनतो

त्वचेला रंग देणारी द्रव्यं मोजकीच आहेत. मेलॅनिन दोन प्रकारचं असतं, एक तपकिरी-काळं आणि एक लालसर-पिवळं. त्वचेखालच्या रक्तातलं हिमोग्लोबिन गुलाबी झाक देतं. त्यातला ऑक्सिजन कमी असेल तिथे ती झाक जांभळट होते. खाण्यातून आलेलं कॅरोटीन थोडा पिवळेपणा वाढवतं. या सगळ्याचं मिश्रण प्रत्येकाचं वेगळं असलं, तरी जगातल्या कुठल्याही माणसाची त्वचा यंत्रानं मोजली तर ती पिवळा आणि लाल यांच्यामधल्या एका अरुंद पट्ट्यातच येते. म्हणजे आपण सगळेच नारिंगी आहोत, कुणी फिके तर कुणी गडद.

त्वचेच्या मूळ झाकेला अंडरटोन म्हणतात. ‘शीत अंडरटोन’ म्हणजे त्वचा निळसर असते असं समजून लोक हातावर निळेपणा शोधत बसतात. तो सापडणारच नाही. शीत त्वचा म्हणजे त्या पट्ट्यात जरा गुलाबी बाजूला सरकलेली, उष्ण त्वचा म्हणजे जरा पिवळ्या बाजूला. फरक बारीक आहे आणि बरेच जण मध्यावर असतात. म्हणून एकट्या त्वचेकडे बघून निदान होत नाही, तिला शेजार द्यावा लागतो.

दुसरी गोष्ट, गोरा-सावळा हा गडदपणाचा प्रश्न आहे, अंडरटोनचा नाही. गोरी त्वचा पिवळसर असू शकते आणि अगदी गडद त्वचा गुलाबी-जांभळ्या झाकेची. उन्हानं रापल्यावर बदलतो तो मुख्यतः गडदपणा. चेहऱ्यावरची तात्पुरती लाली, मुरुमांचे डाग, गालावरचे वांग यांवरूनही अंडरटोन ठरवू नये. जबड्याखालचा आणि मानेच्या बाजूचा भाग जास्त विश्वासार्ह.

रंगाच्या तीन बाजू

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्बर्ट मन्सेल या अमेरिकन चित्रकार-शिक्षकानं रंग मोजायची जी पद्धत बसवली, ती आजही कामाची आहे. कुठल्याही रंगाला तीन बाजू असतात. तो कुठला रंग आहे, किती गडद-फिका आहे आणि किती भडक-दबका आहे. दबका म्हणजे राख किंवा माती मिसळल्यासारखा, मवाळ. गडद आणि भडक यांत लोक फार गोंधळ करतात. नेव्ही निळा गडद आहे, पण भडक नाही. लिंबाच्या सालीचा पिवळा भडक आहे, पण गडद अजिबात नाही.

कपड्यांच्या बाबतीत पहिल्या बाजूतून आपण ‘उष्ण की शीत’ एवढंच काढतो. प्रत्येक रंगात दोन्ही सापडतात. पिवळ्याकडे झुकलेला हिरवा, म्हणजे पोपटी किंवा मेंदी, उष्ण. निळ्याकडे झुकलेला पाचूचा हिरवा शीत. अबोली उष्ण, गुलबक्षी शीत. मोतिया पांढरा उष्ण, नीळ घातलेला पांढरा शीत. उंटाच्या रंगाचा तपकिरी उष्ण, पोलादी करडा शीत.

उष्ण-शीतवर सगळेजण अडकून पडतात आणि बाकीच्या दोन बाजूंकडे बघतच नाहीत. मला उलटा क्रम पटतो. कपडा चुकल्यासारखा वाटतो तेव्हा बहुतेक वेळा तो नको इतका गडद, नको इतका फिका किंवा नको इतका मळकट असतो, आणि दोष मात्र रंगाला दिला जातो.

आधी काँट्रास्ट मोजा

काँट्रास्ट म्हणजे केस, त्वचा आणि डोळे यांच्या गडद-फिकेपणातला फरक. तो मोजायला उपकरण लागत नाही. दिवसा खिडकीजवळ, मेकअप न लावता, केस मोकळे दिसतील असा चेहऱ्याचा फोटो घ्या आणि फोनमध्येच तो कृष्णधवल करा. आता रंग गेले, फक्त गडद-फिकं उरलं. ठार काळा म्हणजे १ आणि कागदासारखा पांढरा म्हणजे १० अशी दहा पायऱ्यांची शिडी मनात धरा, किंवा कागदावर छापून फोटोशेजारी ठेवा. केस कितव्या पायरीवर आहेत, गाल कितव्या, बुबुळं कितव्या, हे लिहून काढा.

समजा केस २ आणि गाल ७ आले. फरक पाचचा, म्हणजे काँट्रास्ट जास्त. अशा चेहऱ्याला पांढऱ्यावर काळा, गडद निळ्यासोबत फिका गुलाबी, असा जोरदार फरक सहज पेलतो. उलट अंगभर एकच मधला करडा घातला तर चेहरा आणि कपडा एकमेकांशी बोलतच नाहीत. केस २ आणि गाल ४ आले तर फरक दोनचाच, पण तिथे दात आणि डोळ्यांतला पांढरा भाग झळाळून उठतात, त्यामुळे चेहऱ्यात फरक नाही असं म्हणता येत नाही. केस पिकून ७ वर आलेत आणि गालही ६-७ वर आहेत, तर तो खरा मवाळ चेहरा. त्याला ठार काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट चढवला की लांबून फक्त शर्ट दिसतो.

या शिडीचा खरा उपयोग पुढे आहे. तुमच्या गालाचा जो आकडा, त्याच आकड्याचा नारिंगी-तपकिरी कुळातला कपडा गळ्याशी नको. खाकी, मातकट, फिका तपकिरी, बदामी हे रंग मुळात त्वचेच्याच कुळातले. गडदपणाही जुळला की चेहरा आणि कपडा एकच होतात, नाक-डोळे सपाट दिसतात. त्याच कुळातला रंग दोन-तीन पायऱ्या गडद किंवा फिका घ्या, लगेच चेहरा वेगळा निघतो. ‘तपकिरी मला चालत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना कॉफीच्या दाण्याइतका गडद तपकिरी उत्तम दिसतो.

सावळ्या आणि गडद त्वचेबद्दल

‘भडक नको’ हा सल्ला रंगशास्त्राच्या कुठल्याही बाजूनं टिकत नाही. त्वचा शिडीवर ३-४ वर असेल तर तिच्याशेजारी शुद्ध, तेजस्वी रंगाला उभं राहायला जागा असते. गडद पिवळा, राणी, मोरपंखी, शाईचा निळा, पाचू, शुभ्र पांढरा हे रंग अशा त्वचेवर जितके खुलतात तितके फिक्या त्वचेवर खुलत नाहीत, कारण फिक्या त्वचेवर तेच रंग चेहऱ्यावर कुरघोडी करतात.

गडद त्वचेवर बिघडतं ते वेगळ्याच ठिकाणी. राख मिसळलेले फिके रंग, म्हणजे धुरकट गुलाबी, मळकट लव्हेंडर, करडट आकाशी, त्वचेला राखट दाखवतात. ‘साधा, सौम्य रंग घाल’ म्हणून नेमके हेच रंग सुचवले जातात. फिका रंग हवा असेल तर तो स्वच्छ फिका घ्यावा, बर्फासारखा. त्यात करडेपणा नको. दुसरी चूक वर सांगितलेली, त्वचेइतक्याच गडद तपकिरीची. आणि तिसरी, ठार काळ्या केसांसोबत गळाबंद ठार काळा. त्यात चेहऱ्याभोवतीचा सगळा भाग अंधारतो. गळा थोडा उघडा ठेवला किंवा कानात-गळ्यात काही चमकणारं घातलं, तर हाच काळा देखणा होतो.

कपडा चेहऱ्याला काय करतो

दोन गोष्टी करतो आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध ओढतात.

पहिली डोळ्यांत घडते. फ्रान्समध्ये भिंतीवरचे चित्रपट विणणाऱ्या गोबेलँच्या कारखान्यात रंगाईचा प्रमुख असलेल्या मिशेल शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे काळ्या धाग्याची तक्रार आली होती. निळ्या-जांभळ्या विणकामाशेजारी तो फिका, विटल्यासारखा दिसे. रंगाईत दोष नव्हता. शेजारचा रंग काळ्याला बिघडवत होता. त्यावरून त्यानं मांडलेला नियम १८३९ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन रंग शेजारी आले की डोळा प्रत्येकाला दुसऱ्याच्या विरुद्ध रंगाकडे ढकलतो. हिरव्या कपड्याशेजारी त्वचा किंचित गुलाबी भासते, निळ्याशेजारी नारिंगी. निळा इतक्या लोकांना बरा दिसतो याचं एक कारण हेच, त्वचेच्या नारिंगीला तो थेट समोरून भिडतो. मोरपंखीचंही तेच. एखादा रंग डोळे मिटून निवडायची वेळ आली तर मध्यम गडद मोरपंखी घ्यावा, असं मी खात्रीनं सांगेन.

पण हाच नियम लाली वाढवतोही. ज्यांच्या गालांवर आधीच लाल डाग किंवा मुरुम आहेत त्यांनी गळ्याशी भडक हिरवा घेतला तर प्रत्येक डाग उठून दिसेल.

दुसरी गोष्ट सरळ प्रकाशाची. कपड्यावर पडलेला उजेड उसळून हनुवटीखाली, जबड्यावर आणि डोळ्यांखालच्या खोलगट भागात जातो, आणि जाताना कपड्याचा रंग घेऊन जातो. इथे हिरवा कपडा त्वचेला हिरवटच करतो. कापड जितकं चमकदार आणि गळ्याच्या जितकं जवळ, तितका हा परिणाम मोठा. म्हणून पोपटी सुती कुर्ता ठीक वाटतो आणि त्याच पोपटी रंगाचं सॅटिन घातलं की चेहरा आजारी दिसतो. पांढरा कपडा खालून उजेड फेकतो आणि सावल्या भरून काढतो. छायाचित्रकार चेहऱ्याखाली पांढरा फलक धरतात तो याचसाठी. काळा कपडा काहीच परत देत नाही, म्हणून डोळ्यांखालची काळी वर्तुळं आणि ओठांच्या कडेची घडी काळ्यात जास्त खोल दिसते.

घरगुती चाचण्या आणि त्यांची मर्यादा

मनगटाच्या शिरा निळ्या दिसल्या तर शीत, हिरव्या दिसल्या तर उष्ण, ही चाचणी सगळीकडे सांगितली जाते. शिरेतलं रक्त लालच असतं. शीर निळी-हिरवी भासते ती त्वचेतून प्रकाश कसा विखुरतो आणि आजूबाजूची त्वचा कशी आहे त्यावरून. शिवाय शीर किती खोल आहे, वरती कुठला दिवा आहे, यानं ती बदलते, आणि गडद त्वचेवर तर दिसतही नाही. या चाचणीवर माझा भरवसा नाही.

सोनं-चांदीची चाचणी त्यापेक्षा बरी, पण सोन्यावरचं प्रेम आणि सोनं शोभणं यांची सरमिसळ होते. पांढरा कागद चेहऱ्याशेजारी धरून बघणं उपयोगी आहे, फक्त तो फोनच्या सेल्फीत बघू नका. कॅमेरा स्वतःहून उजेडाचा रंग सुधारतो, ब्यूटी फिल्टर त्वचा गुळगुळीत करतो आणि तुम्ही त्या सुधारणेचं निदान करत बसता.

वसंत-उन्हाळा-शरद-हिवाळा अशी चार ऋतूंची विभागणी १९८० च्या दशकात लोकप्रिय झाली आणि पुढे तिचे बारा उपप्रकार पडले. कल्पना चांगली आहे, कारण ती याच तीन बाजूंवर उभी आहे. अडचण अशी की सुरुवातीच्या मांडणीत काळे केस, काळे डोळे असलेल्या बहुतेकांना सरसकट हिवाळ्यात टाकलं जाई, म्हणजे जगातल्या बहुसंख्य माणसांना एकच डबा. ऋतूचं नाव मिळालं नाही तरी काही अडत नाही. गडद की फिका, भडक की दबका, उष्ण की शीत, एवढी तीन उत्तरं हातात असली की पुरे.

कापड धरून बघणं

वेळ निवडा सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यानची. ऊन थेट अंगावर नको, आकाशाचा उजेड हवा. ढगाळ दिवस तर सर्वांत छान. सकाळ-संध्याकाळचं ऊन पिवळं असतं आणि सगळ्या त्वचेला उष्ण ठरवतं. घरातले दिवे बंद करा. खिडकीकडे तोंड करून साधारण एक मीटरवर बसा, आरसा खिडकीच्या कडेला टेकवा. खिडकीबाहेर दाट झाड असेल तर हिरवा उजेड येतो, खोलीची भिंत किंवा पडदा रंगीत असेल तर तोही चेहऱ्यावर उतरतो. अशी खिडकी बदला, किंवा भिंतीवर पांढरी चादर लावा.

चेहरा धुऊन अर्धा तास थांबा, कारण चोळल्यानं आलेली लाली तोवर उतरते. मेकअप नको, चष्मा काढा, दागिने काढा. खांद्यांवर पांढरा किंवा करडा कपडा पांघरा. केस रंगवलेले असतील तर ते करड्या कपड्याखाली बांधून टाका. नैसर्गिक असतील तर दिसू द्या.

कापडं मॅट हवीत आणि निदान ५० बाय ६० सेंटिमीटरची, म्हणजे गळ्यापासून दोन्ही खांदे झाकले जातील. ओढण्या, स्कार्फ, उशीचे अभ्रे, टी-शर्ट, काहीही चालेल. चिंधीएवढा तुकडा चेहऱ्याला धरून काहीच कळत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि नव्वद टक्के घोळ इथेच होतो असं म्हटलं तरी चालेल. जोडी लावताना एकच बाजू बदला. फिका अबोली आणि गडद मरून शेजारी धरलेत तर जिंकणारा रंग उष्णतेमुळे जिंकला की गडदपणामुळे, हे कधीच कळणार नाही. उष्ण-शीत तपासताना दोन्ही कापडं सारखीच गडद आणि सारखीच भडक हवीत. दोन्हींचा एकत्र फोटो काढून कृष्णधवल करा. दोन्ही एकाच करड्या रंगाची दिसली तर जोडी बरोबर.

दोन्ही कापडं एकावर एक ठेवून गळ्याशी लावा आणि वरचं झटकन बाजूला घ्या. एकेक कापड उचलून, घडी करून, दुसरं आणून लावेपर्यंत डोळा आधीचा चेहरा विसरतो. झटक्यात बदललं तर चेहरा हलल्यासारखा वाटतो. शक्य असेल तर कापडं दुसऱ्या कुणाला तरी हलवू द्या.

शेंदरी लाल वर आणि डाळिंबी लाल खाली, अशी जोडी धरली आहे असं समजा. शेंदरी असताना डोळ्यांखालचा भाग तपकिरी-पिवळा दिसतोय, नाकाच्या कडेपासून ओठांपर्यंत येणारी घडी स्पष्ट आहे, ओठांची कड त्वचेत विरघळली आहे, हनुवटीखाली नारिंगी डाग पडल्यासारखा आहे. वरचं कापड निघतं. घडी अर्ध्यानं पुसट होते. ओठांना कड येते. डोळ्यांतला पांढरा भाग एकदम पांढरा होतो. जबड्याची रेषा मानेपासून सुटते. असं झालं तर हा चेहरा लालमध्ये शीत बाजूचा. दुसऱ्याच्या चेहऱ्यावर हेच अगदी उलट घडेल. डाळिंबी लागताच चेहरा पांढुरका, रक्त नसल्यासारखा होईल, मुरुमांचे डाग जांभळे उठतील, आणि शेंदरी परत येताच गाल भरल्यासारखे दिसतील.

कपडा आधी दिसला की डोळे आधी दिसले, एवढाच प्रश्न स्वतःला विचारलात तरी पुष्कळ कळतं. कपडा आधी दिसला तर तो जिंकला, तुम्ही हरलात.

दोन-तीन जोड्यांनंतर दहा-पंधरा सेकंद करड्या कपड्याकडे बघत राहा. डोळा रंगाला सरावतो. लालाकडे टक लावून बघितल्यावर पुढचा हिरवा नको इतका हिरवा दिसतो. आधी पांढऱ्यांची जोडी लावा, शुभ्र आणि मोतिया. मग लाल, गुलाबी (अबोली विरुद्ध गुलबक्षी), हिरवा (मेंदी विरुद्ध पाचू). चारपैकी तीन जोड्यांत एकच बाजू आली तर निकाल लागला. निम्मं-निम्मं आलं तर तुम्ही मध्यावर आहात. त्यात वाईट काहीच नाही, दोन्ही बाजूंचे सौम्य रंग तुमचे. त्यानंतर एकाच निळ्याच्या तीन पायऱ्या, आकाशी, मध्यम, नेव्ही. शेवटी भडक गुलाबी आणि तितकाच गडद पण धुरकट गुलाबी.

फोटो काढून ठेवायचे असतील तर प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात पांढरा कागद येऊ द्या. दोन फोटोंतला कागद वेगळा दिसला तर ती तुलना रद्द. फोनमध्ये प्रो मोड असेल तर व्हाइट बॅलन्स डेलाइटवर पक्का करा, म्हणजे कॅमेरा दर फोटोत उजेडाचा रंग स्वतःहून बदलणार नाही.

ज्यांना लाल-हिरवा फरक नीट दिसत नाही, आणि पुरुषांत हे प्रमाण स्त्रियांपेक्षा बरंच जास्त असतं, त्यांनी गडद-फिक्याचा भाग स्वतः करावा आणि उष्ण-शीतसाठी दुसऱ्याचे डोळे उसने घ्यावेत.

पांढऱ्याची एक खास अडचण

बाजारातला बहुतेक शुभ्र पांढरा नुसता पांढरा नसतो. त्यात ऑप्टिकल ब्राइटनर असतात, जे उन्हातली अतिनील किरणं शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतात. म्हणून असा शर्ट दिवसा निळसर चमकतो आणि रात्री साध्या एलईडीखाली, जिथे अतिनील किरणं जवळजवळ नसतात, तसा चमकत नाही. उष्ण त्वचेला हा निळसर पांढरा कठोर वाटतो आणि दात पिवळे दाखवतो.

मोतिया शर्ट घेतला आणि सहा महिन्यांत तो चेहऱ्याला खुलेनासा झाला, असं होतं त्याचंही कारण हेच. कपडे धुण्याच्या बऱ्याच पावडरींत ब्राइटनर असतात आणि ते सुती कापडावर थराथरानं बसत जातात. मोतियाचा निळसर पांढरा होतो. असे कपडे ब्राइटनर नसलेल्या साबणानं धुवावेत. लोकर-रेशमासाठीच्या सौम्य द्रावणात ते सहसा नसतात. काळ्याचं दुखणं उलटं. सुती काळा विटताना तपकिरी, राखी किंवा हिरवट होतो आणि नवा असताना शोभणारा कपडा चेहरा मळकट करतो. उलटा करून, गार पाण्यात, कमी घासून धुतला तर जास्त टिकतो.

दुकानात आणि पडद्यावर

ट्रायल रूममधला दिवा बहुधा डोक्यावर असतो. त्याखाली कुठलाही कपडा घातला तरी डोळ्यांखाली सावली पडणारच, त्यामुळे तिथे माप बघा, रंग नाही. रंगासाठी कपडा घेऊन दारापाशी, उजेडात जा. दोन कपडे जुळवायचे असतील तर हे टाळूच नका. दुकानातल्या दिव्याखाली हुबेहूब जुळलेला काळा कोट आणि काळी पँट बाहेर येताच एक हिरवट आणि एक तांबूस निघते, कारण दोन वेगळ्या रंगद्रव्यांनी बनलेला ‘सारखाच’ रंग प्रत्येक प्रकाशात सारखा राहत नाही. घरच्या आरशाजवळ ४००० ते ५००० केल्विनचा, म्हणजे फार पिवळा किंवा फार निळा नसलेला, आणि सीआरआय (दिवा रंग किती खरे दाखवतो त्याचा आकडा) ९० किंवा त्याहून जास्त असलेला दिवा लावला तर सकाळी अंधारातही कपडा निवडताना फसगत कमी होते.

ऑनलाइन घेताना फोनचा रात्रीचा पिवळा मोड आणि ‘व्हिविड’ डिस्प्ले बंद करा. मोरपंखी आणि गडद हिरवट-निळे रंग साध्या पडद्याला पूर्ण दाखवताच येत नाहीत, त्याच्या आवाक्याबाहेर असतात. म्हणून या रंगांची पार्सलं सर्वांत जास्त वेगळी निघतात. कापडाचा प्रकारही वाचा. तोच रंग मखमलीत बराच गडद दिसतो आणि सॅटिनमध्ये चमकेच्या ठिकाणी जवळजवळ पांढरा होतो. धूपछाव कापडात ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, त्यामुळे ते हलवून दोन्ही कोनांत चेहऱ्याशी बघावं लागतं. बारीक छापाचं कापड दोन मीटरवरून डोळे किलकिले करून बघा. लाल-पांढरी बारीक फुलं तिथून गुलाबीच दिसतात, आणि समोरच्या माणसालाही तुम्ही गुलाबीतच दिसणार असता.

आवडता पण न शोभणारा रंग

तो सोडायची गरज नाही, खाली न्या. चेहऱ्यापासून वीतभर अंतरापलीकडे गेलेला रंग चेहऱ्याचं फारसं काही करत नाही. मोहरीचा पिवळा गळ्याशी वाईट दिसतो, पँट किंवा स्कर्ट म्हणून खुशाल घाला. वरच घालायचा असेल तर गळा खोल घ्या, म्हणजे मध्ये त्वचेची पट्टी येईल, किंवा मध्ये शोभणाऱ्या रंगाचा स्कार्फ, कॉलर, आतला शर्ट येऊ द्या. लिपस्टिक कपड्याच्याच बाजूची, म्हणजे उष्ण कपड्याला उष्ण आणि शीत कपड्याला शीत लावली तर विसंगती बरीच झाकली जाते. चष्म्याची फ्रेम मात्र विचारपूर्वक घ्या. ती रोज, प्रत्येक कपड्यावर, थेट डोळ्यांशेजारी असते, आणि कपड्यावर एवढी मेहनत घेणारी माणसं फ्रेम पाच मिनिटांत निवडतात.

केस पिकू लागले की हे सगळं पुन्हा एकदा करावं लागतं. काळ्याचे करडे होताना काँट्रास्ट घटतो, आणि पूर्ण चंदेरी झाल्यावर चेहऱ्याभोवती एक शीत, फिकी चौकट येते. वीस वर्षं शोभलेला मेंदी किंवा उंटाच्या रंगाचा तपकिरी या टप्प्यावर अचानक थकलेला वाटतो, आणि आधी कधी न घातलेले बर्फाळ गुलाबी, निळसर करडा, स्वच्छ निळा खुलायला लागतात. केसांना मेंदी लावली तर चौकट उलट नारिंगी होते आणि गुलबक्षी-राणीचे रंग तिच्याशी भांडतात. कलप ठार काळा असेल तर चेहरा साठीचा आणि काँट्रास्ट पंचविशीचा अशी स्थिती होते. तिथे कपड्यापेक्षा आधी कलपाची छटा एक-दोन पायऱ्या हलकी करून पाहा, मग तीच कापडं पुन्हा धरा.